‘श्रद्धाळू, प्रेमळ आजी’ : एका विशेषणावर संशोधन कसं करायचं?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "घरातल्या साध्या माणसांवर पीएचडी होते का? त्या तर नुसत्या आठवणी. त्यात संशोधन कुठे आलं?" गाईडनेही भुवया उंचावलेल्या असतात. मग विद्यार्थी घाबरून विषय बदलतो आणि एखादं ‘भारदस्त’ शीर्षक शोधायला लागतो.

या प्रश्नाचं उत्तर आज एका उदाहरणावरून शोधू या. मेक्सिकोतून अमेरिकेत गेलेल्या आज्यांचं उदाहरण घेऊ. ते मुद्दाम लांबचं निवडलंय. स्वतःच्या आजीबद्दल आपल्याला सगळं माहीत आहे असं आपण धरून चालतो, त्यामुळे प्रश्नच पडत नाहीत. अनोळखी आजीच्या बाबतीत ते आपोआप पडतात.

टेक्सास, ॲरिझोना, कॅलिफोर्निया किंवा शिकागोच्या स्थानिक वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता वाचल्यात तर एक साचा लगेच लक्षात येईल. मेक्सिकोतल्या एखाद्या गावात जन्म. तरुणपणी सीमा ओलांडून आगमन. मुलं इतकी, नातवंडं इतकी, पणतवंडं इतकी. ग्वादालूपेच्या मातेवर अढळ श्रद्धा, रोजची जपमाळ, घरी येईल त्याला जेवू घालायची सवय. शेवटी रोझारियो कधी आणि मिसा कधी, ते. माणसं बदलतात, मजकूर जवळजवळ तोच राहतो.

तोच तोच मजकूर म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. साचा का तयार झाला, त्यात काय बसतं आणि काय बसत नाही, इथूनच संशोधन सुरू होतं.

तीन कागद, तीन आज्या

समजा, अशा एका आजीचा अभ्यास करायचाय. साधारण तीन प्रकारचे कागद हाताशी येतात आणि गंमत म्हणजे प्रत्येकात वेगळीच बाई भेटते.

पहिला कागद सरकारी. अमेरिकेच्या १९१७ च्या स्थलांतर कायद्याने १६ वर्षांवरच्या परदेशी माणसांसाठी वाचता येण्याची अट घातली. पण त्यात सूट पण दिली होती. देशात कायदेशीर राहणारा माणूस आपली बायको, आई, आजी, अविवाहित किंवा विधवा मुलगी यांना आणू शकत होता, मग त्यांना वाचता येवो की न येवो. ‘आजी’ हा शब्द कायद्यात चक्क लिहिलेला आहे! मात्र ती तिथे येते कोणाची तरी आजी म्हणून, कोणाच्या तरी मागून. जनगणनेतही तेच. घर सांभाळणाऱ्या बाईच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात ‘काही नाही’ अशा अर्थाची नोंद असायची. सरकारी कागदातली आजी म्हणजे अवलंबून असलेली व्यक्ती.

दुसरा कागद कुटुंबाचा. निधनवार्ता, स्मरणपत्रिका, नातवंडांनी लिहिलेल्या आठवणी. इथे आजी संत असते. कधी चिडली नाही, कधी थकली नाही, कधी तक्रार केली नाही.

तिसरा कागद चर्चचा. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलाच्या आईवडिलांबरोबर धर्मपिता आणि धर्ममाता यांचीही नावं असतात. मेक्सिकन समाजात धर्ममातेला ‘माद्रिना’ म्हणतात. मुलाची आई आणि माद्रिना एकमेकींच्या ‘कोमाद्रे’ होतात. हे नातं नावापुरतं नसतं. आजारपण, बाळंतपण, नोकरीची ओळख, उसने पैसे, नव्याने सीमा ओलांडून आलेल्या माणसाला चार दिवस आसरा, हे सगळं या नात्यावर चालतं. आता विचार करा, जनगणनेत ‘काही नाही’ असलेली बाई त्याच वस्तीतल्या नोंदवहीत पंचवीस वर्षांत अनेक मुलांची माद्रिना म्हणून सापडली, तर ती कोण? ती त्या वस्तीची एक संस्था आहे.

तीन कागद शेजारी ठेवल्याशिवाय ही तिसरी बाई दिसत नाही. पद्धतिशास्त्राच्या पेपरात ‘ट्रायँग्युलेशन’ हा शब्द आपण पाठ करतो. त्याचा खरा उपयोग हा. तीन स्रोत एकच गोष्ट सांगतात की नाही एवढंच तपासायचं नसतं. ते वेगवेगळं सांगत असतील तर का, हेही विचारायचं असतं.

विशेषण सोडा, क्रियापद धरा

‘श्रद्धाळू’ हे विशेषण आहे. विशेषणावर प्रश्न विचारता येत नाही. फार तर "हो, होती" असं उत्तर मिळतं. म्हणून पहिलं काम म्हणजे विशेषणाचं क्रियापद करायचं. श्रद्धाळू म्हणजे ती नेमकं काय *करायची*?

अशी यादी केली की चित्र एकदम बदलतं. घरातल्या आल्तारवर, म्हणजे घरगुती वेदीवर, मेणबत्ती लावायची. १२ डिसेंबरला, ग्वादालूपेच्या सणाला, पहाटे सगळ्यांना उठवून चर्चमध्ये गाणी म्हणायला न्यायची. १६ ते २४ डिसेंबर या पोसादांच्या नऊ रात्रींत कुठल्या घरी काय शिजेल ते ठरवायची. नाताळासाठी बायकांना जमवून मक्याच्या पिठाचे तामालेस डझनांनी करायची. कोणी गेलं की नऊ दिवस त्या घरी जपमाळ चालायची, ती प्रार्थना सांगायला बसायची. नातीच्या पंधराव्या वाढदिवसाचा किन्सेआन्येरा कोणाकोणाच्या मदतीने उभा करायचा, याचा हिशोब मांडायची.

यातली किती कामं ‘धार्मिक’ आणि किती ‘कौटुंबिक’? वेगळी काढून दाखवा बरं! निघत नाहीत. धर्माच्या अभ्यासात ‘लिव्ड रिलिजन’ नावाची जी दृष्टी १९९० च्या दशकात रुळली, तिचा मुद्दा हाच आहे. धर्म फक्त ग्रंथात, मठात, पाद्र्याच्या प्रवचनात शोधायचा नाही. तो स्वयंपाकघरात, आजारपणात, रस्त्यावरच्या मिरवणुकीत शोधायचा. रॉबर्ट ऑर्सी यांचं ‘द मॅडोना ऑफ वनहंड्रेड फिफ्टीन्थ स्ट्रीट’ हे १९८५ चं पुस्तक न्यूयॉर्कमधल्या इटालियन स्थलांतरितांवर आहे, पण अशा अभ्यासाचा नमुना म्हणून जरूर वाचा. अमेरिकेतल्या स्पॅनिशभाषक समाजाबद्दल आना मारिया दियास-स्टीव्हन्स यांनी याच दशकात एक नेमका मुद्दा मांडला. या समाजाच्या कॅथलिक धर्माचा गाभा मातृसत्ताक आहे, असं त्या म्हणतात. अधिकार पुरुष पाद्र्यांकडे असला तरी धर्म पुढच्या पिढीत जातो तो बायकांच्या हातून.

दोरोतेआ : एक आजी, जी कागदावर उरली

हे हवेतलं वाटू नये म्हणून खरं उदाहरण घेऊ. शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ १९२७ साली ॲरिझोनातल्या यूमाजवळ जन्मले. त्यांचे आजोबा सेसारियो आणि आजी दोरोतेआ हे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे मेक्सिकोतल्या चिवावा प्रांतातून अमेरिकेत आले होते. घरात आजीला ‘मामा तेया’ म्हणत. ती कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली होती, तिला स्पॅनिश आणि लॅटिन वाचता येत होतं. शेतावर राहणाऱ्या या कुटुंबाच्या आसपास चर्च नव्हतं. नातवंडांना प्रार्थना आणि धर्माचे धडे दिले ते तिनेच. पहिल्या कम्युनियनसाठी मुलांना यूमाला नेलं तेव्हा, ही कुठल्या वर्गाला गेलेली नाहीत म्हणून पाद्र्यांनी आढेवेढे घेतले. मग प्रश्न विचारले गेले आणि मुलांनी बरोबर उत्तरं दिली. चावेझ यांनी जॅक लेव्ही यांना सांगितलेल्या आठवणींच्या १९७५ च्या पुस्तकातून आपल्याला हे कळतं.

आता संशोधक म्हणून बघा. चर्च नसलेल्या ठिकाणी ही बाई चर्च चालवत होती. ‘श्रद्धाळू आजी’ या दोन शब्दांत हे काम अजिबात दिसत नाही. दुसरं म्हणजे वाचता न येणारी परावलंबी म्हातारी, हे जे चित्र आपण सरकारी कागदांवरून मनात धरतो, त्यात ती बसत नाही. तिला दोन भाषा वाचता येत होत्या.

आणि तिसरी गोष्ट जरा टोचणारी आहे. ही आजी आपल्यापर्यंत पोचली, कारण तिचा नातू प्रसिद्ध झाला. १९६६ मध्ये डेलानोहून सॅक्रामेंटोपर्यंत शेतमजुरांचा जो मोर्चा निघाला, त्याच्या पुढे ग्वादालूपेचं चित्र असलेला झेंडा होता आणि मोर्चा ईस्टरच्या रविवारी पोचला. त्या झेंड्यावर राजकीय अंगाने पुष्कळ लिहिलं गेलंय. पण ते चित्र बघून रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या मजुराला आपोआप काहीतरी आपलं वाटलं, ते ‘आपलं’ कोणी तयार केलं होतं? घराघरातल्या बायकांनी. त्यांतल्या बहुतेकींचे नातू प्रसिद्ध झाले नाहीत, म्हणून त्यांच्या नावाचा कागद नाही. घरातल्या माणसांवर संशोधन का करायचं, याचं उत्तर मला इथे सापडतं.

श्रद्धेलाही इतिहास असतो

नवख्या संशोधकाचा नेहमीचा घोटाळा म्हणजे ‘मेक्सिकन लोक मुळातच धार्मिक’ असं लिहून मोकळं होणं. ‘मुळातच’ हा शब्द प्रबंधात दिसला की समजा, तिथे एक प्रकरण लिहायचं राहिलंय.

उदाहरण बघा. १९२६ मध्ये मेक्सिको सरकारने चर्चवर कडक निर्बंध लादले. त्याचा निषेध म्हणून बिशपांनी जुलैअखेर सार्वजनिक उपासना थांबवली आणि १९२९ पर्यंत क्रिस्तेरो युद्ध चाललं. हे युद्ध सर्वांत तीव्र होतं ते हालिस्को, मिचोआकान, ग्वानाह्वातो या पश्चिम-मध्य भागांत. अमेरिकेत जाणारे पुष्कळ स्थलांतरितही याच भागांतले. म्हणजे त्या पिढीतल्या मुलीने चर्च बंद असताना घरात गुपचूप प्रार्थना कशी चालते, ते लहानपणी पाहिलं होतं. पुढे परक्या देशात तिने खोलीच्या कोपऱ्यात वेदी मांडली, तेव्हा तो ‘स्वभाव’ नव्हता, अनुभव होता. ज्युलिया यंग यांचं ‘मेक्सिकन एक्सोडस’ हे २०१५ चं पुस्तक याच काळातल्या स्थलांतरितांवर आहे.

कुटुंबाचंही तसंच. ‘कुटुंबवत्सल’ म्हणून सोडून देऊ नका. १९३० च्या दशकात मंदी आली आणि लाखो मेक्सिकन वंशाच्या लोकांना अमेरिकेतून परत पाठवलं गेलं. त्यांत तिथेच जन्मलेली, म्हणजे अमेरिकेची नागरिक असलेली मुलंही होती. मग १९४२ ते १९६४ या काळात ब्रासेरो योजनेतून तात्पुरत्या मजुरीचे सुमारे ४६ लाख करार झाले, तेही फक्त पुरुषांशी. बायका, मुलं, म्हातारी माणसं मेक्सिकोत मागे राहिली. कुटुंब तोडणारी धोरणं वीस-वीस वर्षं चालू असताना जी बाई कुटुंब धरून ठेवते, तिच्या वागण्याला ‘वत्सल’ म्हणणं अपुरं आहे. आना रोसास यांचं ‘आब्रासांदो एल एस्पिरितू’ हे २०१४ चं पुस्तक या मागे राहिलेल्या कुटुंबांचाच इतिहास सांगतं.

तिचा स्वतःचा आवाज कुठे शोधायचा?

आतापर्यंत आजीबद्दल दुसरेच बोलले. सरकार, चर्च, नातवंडं. तिचा स्वतःचा शब्द मिळतो का? कधीकधी मिळतो, आणि अनपेक्षित जागी मिळतो.

मेक्सिकोत नवस फेडताना पत्र्यावर छोटं चित्र रंगवून देवळात लावायची जुनी रीत आहे. त्याला रेताब्लो म्हणतात. वर संकटाचं चित्र, खाली दोन-चार ओळींत कोणी, कुठे, कशाबद्दल आभार मानले ते. चित्र रंगवणारा कारागीर असतो, पण गोष्ट नवस करणाऱ्याची. हॉर्हे दुरांद आणि डग्लस मॅसी या दोघा अभ्यासकांनी अमेरिकेला जाणाऱ्यांशी संबंधित रेताब्लो गोळा करून १९९५ मध्ये ‘मिरॅकल्स ऑन द बॉर्डर’ हे पुस्तक काढलं. हालिस्कोतल्या सान हुआन दे लोस लागोसच्या मातेला वाहिलेले कितीतरी त्यात आहेत. नदी ओलांडताना वाचल्याबद्दल, कागदपत्रं मिळाल्याबद्दल, परदेशातल्या शस्त्रक्रियेतून उठल्याबद्दल, मुलगा सुखरूप परतल्याबद्दल. स्थलांतराच्या आकडेवारीत भीतीचा रकाना नसतो. इथे आहे.

धडा असा की ‘या लोकांनी काही लिहून ठेवलेलं नाही’ असं ठरवण्याआधी, लिहिणं म्हणजे फक्त कागद-शाई नाही हे लक्षात ठेवा.

मुलाखत घेताना

"तुमची आजी धार्मिक होती का?" हा प्रश्न विचारूच नका. त्याऐवजी विचारा : १२ डिसेंबरला पहाटे घरात सगळ्यात आधी कोण उठायचं? वेदीवर काय काय होतं, डावीकडून सांगा. तिने न जाण्याचा हट्ट धरला असा एखादा प्रसंग? तामालेसचं सामान कोणाच्या पैशाने यायचं? तिचं कोणाशी पटायचं नाही?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. निधनवार्तेत भांडण नसतं, गेलेली बाळं नसतात, दारूडा नवरा नसतो, दुसऱ्या पंथात गेलेली आणि म्हणून बोलणं टाकलेली मुलगी नसते. या गाळलेल्या जागा बघून कुटुंबाला खोटं ठरवू नका. कुटुंबाने काय गाळायचं ठरवलं, हाही तुमचा डेटा आहे. इटलीचे मौखिक इतिहासकार आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांचं प्रसिद्ध उदाहरण आहे. तेर्नी गावात लुईजी त्रास्तुल्ली हा कामगार १९४९ मध्ये पोलिसांच्या गोळीने मेला, पण गावातल्या अनेकांच्या आठवणीत तो मृत्यू १९५३ च्या मोठ्या नोकरकपातीच्या वेळचा होता. पोर्तेल्लींनी ती चूक म्हणून टाकून दिली नाही. माणसांनी ती घटना तिथे का हलवली, असं विचारलं. आजीच्या आठवणीतही तारखा हलतात. हलल्या की थांबा आणि विचारा.

‘देवघर’ म्हणण्याआधी

आपल्याकडच्या वाचकाला आल्तार समजावताना ‘देवघर’ हा शब्द पटकन तोंडात येतो. समजायला सोपा पडतो, पण सांभाळून वापरा. आपल्याकडे काही घरांत पूर्वजांचे टाक देवांबरोबर पूजेत असतात हे खरं, पण गेलेल्या माणसाचा फोटो सहसा वेगळ्या भिंतीवर हार घालून लावतात. त्या वेदीवर मात्र ग्वादालूपेच्या शेजारी गेलेल्या नवऱ्याचा फोटो असतो आणि सैन्यात असलेल्या जिवंत नातवाचाही असतो. देव, गेलेले आणि लांब असलेले असे सगळे एका कापडावर. ‘देवघर’ म्हटलं की हा फरक बुजतो, आणि नेमका तोच तुमच्या प्रबंधाचा मुद्दा असू शकतो. साम्य दिसलं की आनंद होऊ द्या, पण फरक लिहून ठेवा.

साम्याचा एक धागा मात्र खरोखर जोडलेला आहे. १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या सणात ते जी पिवळी-केशरी फुलं वाहतात, त्यांना तिथे सेम्पासूचिल म्हणतात. तो आपला झेंडू. दसऱ्याला आपण दाराला बांधतो ते फूल मूळचं मेक्सिकोचंच.

आणि एक जबाबदारी

स्थलांतरित कुटुंबात एकाकडे नागरिकत्व, दुसऱ्याकडे परवाना आणि तिसऱ्याकडे काहीच नाही, असं एकाच छताखाली असू शकतं. १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला, पण सगळ्यांना नाही. म्हणून मुलाखतीत कोण कसं आलं हे कुतूहलापोटी विचारू नका. तुमच्या प्रश्नाला त्याची गरज नसेल तर टेपवरही नको. नाव बदललं म्हणजे झालं असं नसतं. गाव, चर्च आणि मुलांची संख्या एकत्र आली तर माणूस ओळखता येतो. गेलेल्या आजीची संमती घेता येत नाही, पण तिच्या मागे राहिलेल्यांना त्रास होणार नाही एवढं बघता येतं.

आता सिनॉप्सिसकडे वळू. ‘मेक्सिकन स्थलांतरित स्त्रियांची धार्मिकता : एक अभ्यास’ हे शीर्षक विशेषणाचं झालं. ‘चर्च दूर असलेल्या शेतमजूर वस्त्यांत धर्मशिक्षणाचं काम कोणी आणि कसं केलं?’ हा प्रश्न क्रियापदाचा झाला. दुसऱ्याला जागा आहे, काळ घालता येतो, स्रोत सांगता येतात आणि उत्तर चुकू शकतं. उत्तर चुकण्याची शक्यता असेल तरच तो संशोधनाचा प्रश्न.

या आठवड्यात एक करून बघा. कुठल्याही भाषेतली एक निधनवार्ता घ्या. वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात विशेषणं, दुसऱ्यात प्रत्येक विशेषणामागची संभाव्य कामं, तिसऱ्यात ते काम सिद्ध करणारा किंवा खोटं ठरवणारा स्रोत कुठे मिळेल ते. तिसरा रकाना अर्धा जरी भरला, तरी गाईडसमोर बसून बोलण्याइतका विषय तुमच्या हातात आलेला असेल. रिकाम्या राहिलेल्या ओळी खोडू नका, फील्डवर्कला त्याच घेऊन जायच्या आहेत.